नाक्यावरचा प्रश्न : चालत्या प्रोग्राममध्ये ऑब्जेक्टचा प्रकार ओळखणे

चालू असलेल्या प्रोग्रामच्या हाती एखादा ऑब्जेक्ट येतो आणि पुढचे काम करण्यापूर्वी तो कोणत्या प्रकारचा आहे हे प्रोग्रामला विचारून घ्यावे लागते. आज वापरात असलेल्या जवळपास प्रत्येक भाषेत याची सोय आहे. पायथनमध्ये ‘इझइन्स्टन्स’ हे फंक्शन आहे, जावामध्ये ‘इन्स्टन्सऑफ’, सी शार्प आणि कॉटलिनमध्ये ‘इझ’, गो भाषेत टाइप स्विच, सी प्लस प्लसमध्ये ‘डायनॅमिक कास्ट’. लिहायला एक ओळ, उत्तर हो किंवा नाही. वाक्यरचना एवढ्यातच संपत असल्याने शिकवतानाही या सोयीवर फार वेळ जात नाही. पण ही ओळ कुठे लिहायची, तिने नेमके काय विचारायचे आणि ‘नाही’ असे उत्तर आले तर काय करायचे, हे वाक्यरचना सांगत नाही. मोठ्या प्रोग्रामांतल्या चिवट चुका बऱ्याचदा तिथेच दडलेल्या असतात.

तपासणीच्या वेळा दोन. पहिली प्रोग्राम चालण्याआधीची. जावा, कॉटलिन, टाइपस्क्रिप्ट यांसारख्या भाषांत कंपायलर नुसता मजकूर वाचून सांगतो की इथे संख्या हवी होती आणि अक्षरे दिली आहेत. दुसरी वेळ प्रोग्राम चालू असतानाची, म्हणजे रनटाइमची. पहिली तपासणी स्वस्त आणि कडक असते, पण तिला मजकुरापलीकडचे दिसत नाही. मजकुरात व्हेरिएबलचा प्रकार ‘वनोपज’ असा लिहिला असेल, तर चालत्या वेळी त्या जागी बांबू येईल, सागवानाचा ओंडका येईल की मोहफुलांचे पोते, हे कंपायलरला सांगता येत नाही. आणि जी माहिती बाहेरून येते, फॉर्ममधून, फाइलमधून किंवा दुसऱ्या संगणकाकडून, तिच्याविषयी तर त्याला काहीच ठाऊक नसते. या दोन फटी बुजवण्यासाठी रनटाइमची तपासणी लागते. पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये व्हेरिएबलला प्रकार नसतोच, तो असतो ऑब्जेक्टला. तिथे मुळात सगळी मदार दुसऱ्या वेळेवर असते.

या विषयासाठी पुस्तकांतून सहसा वर्तुळे-चौकोनांची किंवा कुत्र्या-मांजरांची उदाहरणे घेतात. ती स्वच्छ असतात आणि तोच त्यांचा दोष आहे, कारण कुत्रा कोण आणि मांजर कोण यावर तिथे कधी वाद होत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात मात्र वस्तूचा प्रकार हा पोटापाण्याचा प्रश्न राहिला आहे, आणि तो वाटेत, तपासणी नाक्यावर, गाडी थांबवून विचारला जातो. म्हणून पुढच्या विवेचनात एकच उदाहरण धरले आहे : वन तपासणी नाक्यावर गाडीतल्या मालाची नोंद घेणारा आणि ती वाहतूक परवान्याशी ताडून पाहणारा एक छोटा प्रोग्राम. त्यात ‘वनोपज’ हा मूळ क्लास आणि बांबू, ओंडका, तेंदूपत्ता, मोहफूल हे त्याचे उपक्लास. (पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून, म्हणजे २००८ पासून, ही नावे प्रोग्राममध्ये देवनागरीतच लिहिता येतात.) ओंडका लांबी-गोलाईवरून घनमीटरमध्ये मोजायचा, तेंदूपत्ता पुड्यांत आणि गोण्यांत, मोहफूल किलोत. माल सगळा वनोपजच, पण मोजायची रीत प्रत्येकाची निराळी. त्यामुळे प्रकार कळल्यावाचून परिमाणाचा रकाना भरता येत नाही.

वर्गीकरण किती खोल जाऊ शकते हे या मालाच्या कायद्यात जितके दिसते तितके क्वचितच कुठे दिसते. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २ मध्ये वनोपजाची व्याख्या दोन याद्यांत केली आहे. पहिल्या यादीतल्या वस्तू, म्हणजे इमारती लाकूड, लोणारी कोळसा, कात, राळ, लाख, मोहाची फुले, हिरडा वगैरे, कुठेही सापडल्या तरी वनोपजच. दुसऱ्या यादीतल्या, म्हणजे झाडे, पाने, फळे, गवत, वेली, मध, मेण वगैरे, जंगलात सापडल्या किंवा जंगलातून आणल्या असतील तरच. मोहाच्या फुलाचा प्रकार फुलाकडे पाहून ठरतो. पानाचा प्रकार पान कितीही निरखले तरी ठरत नाही. ते आले कुठून हे विचारावे लागते. प्रोग्रामिंगमध्ये पहिली गोष्ट क्लासची आहे आणि दुसरी त्या एका ऑब्जेक्टमधल्या माहितीची. नवशिक्यांकडून हा फरक फार सुटतो. ‘जंगलातले पान’ आणि ‘बांधावरचे पान’ असे दोन क्लास केले जातात, मग तालुक्यागणिक तिसरा-चौथा निघतो, आणि प्रकार विचारणाऱ्या ओळी वाढत जातात. जे सगळ्या पानांना लागू आहे ते क्लासमध्ये, जे त्या एका पानापुरते आहे ते रकान्यात, अशी वाटणी आधीच झाली तर निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

बांबूची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. वनस्पतिशास्त्रात बांबू गवताच्या कुळातला. १९२७ च्या अधिनियमाने मात्र ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत ताडवर्गीय झाडे आणि वेत यांच्याबरोबर बांबूही घातला. त्याच अधिनियमात पडलेले किंवा तोडलेले झाड म्हणजे इमारती लाकूड, आणि इमारती लाकूड पहिल्या यादीत. साखळी अशी लागली की बांबू हे झाड, झाड तोडले की लाकूड, आणि लाकूड कुठलेही असो, ते वनोपज. त्यामुळे शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर लावलेला बांबू तोडून बाजारात नेतानाही परवान्याचा प्रश्न उभा राहत असे. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम काढून, आणि पाठोपाठ कायदा करून, झाडाच्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. बांबूत तसूभरही बदल झाला नव्हता. वरच्या साखळीतली एक कडी काढली गेली आणि खालच्या वस्तूची ओळख बदलली. जंगलातून आणलेला बांबू मात्र दुसऱ्या यादीच्या वाटेने वनोपज राहिलाच. मूळ क्लास बदलला की त्याखालच्या प्रत्येक ऑब्जेक्टने द्यायचे उत्तर बदलते, हे वारसा पद्धतीचे वैशिष्ट्य शिकवायला यापेक्षा चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

दरम्यान २००६ चा वनहक्क कायदा आला होता. त्याने झाडाच्या व्याख्येला हात लावला नाही. ‘गौण वनोपज’ या वेगळ्या नावाखाली त्याने बांबू, वेत, मध, मेण, लाख, तेंदूपत्ता, औषधी वनस्पती यांचा समावेश केला आणि ते गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचा जंगलवासींचा मालकी हक्क मान्य केला. एकच बांबू एका कायद्याने झाड ठरला आणि दुसऱ्याने गौण वनोपज. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तरी बांबूच्या वाहतुकीचा परवाना कोणी द्यायचा हा पेच सुटायला २७ एप्रिल २०११ उजाडावा लागला. त्या दिवशी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गावासाठी तो हक्काचा लढा होता आणि तसाच तो लक्षात ठेवला पाहिजे. वर्गीकरणाच्या अंगाने पाहता, दोन कायदे एकाच वस्तूला दोन वेगळे प्रश्न विचारत होते आणि दोघांनाही ‘हो’ असेच उत्तर मिळत होते. पायथनमध्ये नेमकी अशी सोय २००८ पासून आहे : एखाद्या क्लासच्या मजकुराला न शिवता तो अमुक अमूर्त क्लासमध्ये मोडतो अशी बाहेरून नोंद करता येते, आणि त्यानंतर ‘इझइन्स्टन्स’ त्या नव्या प्रश्नालाही ‘हो’ म्हणते. म्हणून ‘या ऑब्जेक्टचा प्रकार काय’ हा प्रश्न एकवचनी विचारणेच बहुधा चुकीचे ठरते. एका ऑब्जेक्टला अनेक प्रकार असतात. आत्ताच्या कामाला त्यांतला कोणता लागतो हे विचारणाऱ्याने ठरवायचे असते.

यंत्राच्या आत या प्रश्नाचे उत्तर कुठे साठवलेले असते, हे थोडक्यात पाहण्यासारखे आहे. रनटाइमला प्रकार ओळखता यावा म्हणून ऑब्जेक्टला आपली ओळख सोबत वागवावी लागते, डेपोतल्या ओंडक्यावर हातोड्याने ठोकलेली निशाणी असते तशी. पायथनच्या नेहमीच्या अंमलबजावणीत, म्हणजे सी-पायथनमध्ये, प्रत्येक ऑब्जेक्टच्या आरंभी दोन गोष्टी असतात : तो किती ठिकाणांहून वापरात आहे याची मोजदाद आणि त्याच्या क्लासचा पत्ता. ६४ बिटांच्या यंत्रावर दोन्ही मिळून साधारणपणे १६ बाइट होतात. जावाच्या ऑब्जेक्टच्या माथ्यावरही क्लासचा असाच निर्देश असतो. सी भाषेतल्या साध्या स्ट्रक्चरवर असे काहीच नसते, म्हणून तिथे हा प्रश्न विचारताच येत नाही. आणि सी प्लस प्लसमध्ये ज्या क्लासमध्ये निदान एक व्हर्च्युअल फंक्शन आहे त्याच्याच ऑब्जेक्टांचा खरा प्रकार चालत्या वेळी कळतो. निशाणी म्हणजे पत्ता, नाव नव्हे, हेही ध्यानात ठेवायचे. जावात एकाच नावाचा क्लास दोन वेगळ्या क्लासलोडरांनी आणला तर ते दोन वेगळे प्रकार होतात आणि एकाचा ऑब्जेक्ट दुसऱ्याच्या तपासणीत नापास होतो. पायथनमध्ये एकच फाइल दोन मॉड्यूलनावांनी आत आली तर हेच घडते. पडद्यावर दोन्हीकडे ‘बांबू’ असे छापून येते आणि तरी उत्तर ‘नाही’ असते. कारण माहीत नसेल तर हा गुंता सोडवण्यात अख्खा दिवस जाऊ शकतो.

क्लास, उपक्लास आणि त्यांची रनटाइममधली चौकशी या तिन्ही गोष्टी एकाच भाषेतून आल्या. ऑस्लोच्या नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्तेन न्यूगोर यांनी घडवलेल्या सिम्युला ६७ मध्ये ‘इझ’ आणि ‘इन’ अशी दोन वेगळी चिन्हे होती. पहिले विचारायचे, हा ऑब्जेक्ट तंतोतंत याच क्लासचा आहे का. दुसरे विचारायचे, हा या क्लासचा किंवा त्याच्या कुठल्याही उपक्लासचा आहे का. पन्नासहून अधिक वर्षांनंतरही हा भेद जसाच्या तसा लागू आहे, आणि अजूनही सर्वांत जास्त चुका इथेच होतात. पायथनमध्ये ‘टाइप’ने मिळालेला क्लास समोरच्या क्लासशी जुळवून पाहिला तर तो पहिला प्रश्न होतो, ‘इझइन्स्टन्स’ हा दुसरा. बांबूच्या क्लासमधून उद्या कोणी ‘कटांग बांबू’ असा उपक्लास काढला, तर पहिला प्रश्न विचारणारी प्रत्येक ओळ त्या दिवसापासून चुकेल. म्हणून सर्वसाधारण सल्ला दुसरा प्रश्न विचारण्याचा असतो, आणि तो योग्य आहे. पण तो डोळे मिटून पाळण्याजोगाही नाही.

त्याची दोन उदाहरणे पायथनमध्येच आहेत. पायथनच्या २.३ या आवृत्तीपासून खरे-खोटे दर्शवणारा ‘बूल’ हा प्रकार पूर्णांकाचा उपक्लास आहे. नाक्यावरच्या फॉर्ममध्ये ‘परवाना जोडला आहे’ या चौकटीतली खूण चुकून ‘बंडल संख्या’ या रकान्यात गेली, तर ‘ही पूर्णांक संख्या आहे का’ या तपासणीला उत्तर ‘हो’ येते, आणि गाडीत एक बंडल असल्याची नोंद होते. कुठेही त्रुटी उमटत नाही. दुसरे उदाहरण तारखेचे. ‘डेटटाइम’ म्हणजे वेळेसह तारीख हा प्रकार ‘डेट’ म्हणजे नुसत्या तारखेचा उपक्लास आहे. परवान्याची मुदत नुसती तारीख म्हणून साठवली आहे आणि गाडी आल्याची नोंद वेळेसह झाली आहे. दोन्ही ‘डेट आहे का’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणतात, आणि पुढच्याच ओळीत मुदत संपली की नाही हे पाहायला लहान-मोठेपणाची तुलना केली की पायथन ती नाकारतो. तपासणी उत्तीर्ण झाली आणि काम अडले. बार्बरा लिस्कोव्ह यांनी १९८७ मध्ये मांडलेले तत्त्व इथे आठवते : मूळ प्रकाराची वस्तू जिथे चालते तिथे उपप्रकाराची वस्तू बसवली तरी प्रोग्रामच्या वागण्यात बिघाड येता कामा नये. भाषा हे तत्त्व तपासत नाही. ‘इझइन्स्टन्स’ फक्त वंशावळ सांगते, वागणुकीची हमी देत नाही.

वंशावळीऐवजी वागणुकीलाच प्रश्न विचारण्याची रीतही जुनीच आहे. स्मॉलटॉक या भाषेत ऑब्जेक्टला ‘अमुक संदेशाला तू उत्तर देतोस का’ असे विचारता येत असे. नाक्याच्या प्रोग्रामला खरोखर हवे असते ते इतकेच : हाती आलेल्या मालाला आपले परिमाण सांगता येते का? येत असेल तर तो ओंडका आहे की तेंदूपत्ता याच्याशी बेरीज करणाऱ्या भागाला काही देणेघेणे नाही. पायथनमध्ये २०१९ च्या ३.८ या आवृत्तीत आलेल्या प्रोटोकॉलमुळे हा प्रश्न नीट नोंदवून विचारता येतो. मात्र रनटाइमला तपासताना त्यात फक्त त्या नावाची मेथड आहे की नाही एवढेच पाहिले जाते. ती किती गोष्टी मागते आणि काय परत करते हे पाहिले जात नाही. नाव ‘परिमाण’ असूनही आतून एकाने घनमीटर आणि दुसऱ्याने किलो दिले, तर बेरीज होईल आणि ती निरर्थक असेल. यावर उपाय एकच : परिमाण देताना एककही सोबत द्यायचे, म्हणजे परिमाण हाच एक स्वतंत्र प्रकार करायचा.

काही भाषांत तर मजकुरात लिहिलेला प्रकार रनटाइमपर्यंत पोचतच नाही. जावात २००४ मध्ये जेनेरिक्स आले तेव्हा जुन्या प्रोग्रामांशी जुळवून घेण्यासाठी कंसातला प्रकार पुसून टाकण्याचा मार्ग निवडला गेला. ‘बांबूंची यादी’ चालत्या वेळी नुसती ‘यादी’ उरते. आत बांबूच आहेत का हे पाहायचे तर एकेक उचलून पाहावे लागते. २०१२ मध्ये आलेल्या टाइपस्क्रिप्टमध्ये हे याहून पुढे जाते. तिथले इंटरफेस आणि प्रकार जावास्क्रिप्टमध्ये रूपांतर होताना पूर्णपणे नाहीसे होतात. मजकुरात ‘सर्व्हरकडून परवाना येतो’ असे लिहिले म्हणून परवाना येतोच असे नाही, आणि आलेली वस्तू ‘परवाना’ या इंटरफेसची आहे का असे विचारायला चालत्या वेळी तो इंटरफेस अस्तित्वातच नसतो. पायथनमध्ये २०१५ पासून लिहिता येणाऱ्या टाइप-सूचनांचेही तसेच आहे : त्या वाचायला मिळतात, पण पायथन स्वतः त्या पाळायला लावत नाही.

जावास्क्रिप्टच्या ‘टाइपऑफ’ या चिन्हाचे उत्तर तर जपूनच घ्यावे लागते. ‘नल’चा प्रकार विचारला की ते ‘ऑब्जेक्ट’ म्हणते. पहिल्या अंमलबजावणीतली ही चूक आजही तशीच आहे, कारण दुरुस्त केली तर चालू संकेतस्थळे मोडतील. ॲरेलाही ते ‘ऑब्जेक्ट’च म्हणते, म्हणून २००९ मध्ये ॲरे ओळखण्यासाठी वेगळे फंक्शन द्यावे लागले. मराठीत काम करणाऱ्यांना याहून जवळचा अनुभव अंकांचा येतो. नाक्यावर कोणी बंडलांची संख्या देवनागरीत ‘१२’ अशी लिहिली, तर पायथनचे ‘इंट’ फंक्शन तिचे बरोबर बारा करते. युनिकोडमधले दशमान अंक त्याला चालतात. जावास्क्रिप्टचे ‘नंबर’ फंक्शन मात्र देवनागरी अंक ओळखत नाही आणि ‘नॅन’ म्हणजे ‘संख्या नव्हे’ असे मूल्य देते. आता त्या मूल्याचा प्रकार विचारला तर उत्तर येते ‘नंबर’. प्रकाराची तपासणी चोख पार पडली आणि हाती संख्या नाही. प्रकार बरोबर असणे आणि मूल्य ग्राह्य असणे या दोन वेगळ्या तपासण्या आहेत, आणि फॉर्मच्या काठावर दोन्ही लागतात.

चालत्या वेळी प्रकार विचारण्याची ही सोय जपून वापरावी असे जाणकार का सांगतात, याला इतिहास आहे. ब्यार्ने स्ट्रूस्त्रूप यांनी सी प्लस प्लस घडवताना रनटाइमची चौकशी मुद्दाम बाहेर ठेवली होती, कारण सिम्युलामधल्या अशा सोयीचा गैरवापर त्यांनी पाहिला होता. प्रत्येक कोड-लायब्ररी आपापली जुगाड पद्धत काढू लागली तेव्हा ती सोय भाषेत आली. प्रमाण समितीने ती १९९३ मध्ये स्वीकारली. गैरवापराचे रूप ओळखीचे आहे. माल बांबू असेल तर हे, ओंडका असेल तर ते, तेंदूपत्ता असेल तर तिसरे, अशी शिडी एका फंक्शनमध्ये लिहिली जाते. मग तीच शिडी शुल्काच्या हिशेबात, छपाईत, मासिक अहवालात पुन्हा उभी राहते. डिंकाचा एक नवा प्रकार आला की या सगळ्या शिड्या शोधून प्रत्येकीत एक पायरी घालावी लागते, आणि एखादी राहतेच. त्याऐवजी प्रत्येक क्लासला आपापली ‘परिमाण’ मेथड दिली तर शिडी नाहीशी होते; कोणती मेथड चालवायची हे ऑब्जेक्टच्या माथ्यावरच्या निशाणीवरून भाषाच ठरवते. रनटाइमची तपासणी तिथेही होतेच, फक्त ती हाताने लिहावी लागत नाही.

तरीही शिडी दरवेळी वाईट असे म्हणणे अतिरेकाचे होईल. प्रकार मोजके आणि ठरलेले असतील, आणि त्यांच्यावर करायची कामेच वाढत जाणार असतील, तर सगळे प्रकार एका जागी दिसणे सोयीचे असते. गेल्या दशकभरात भाषांनी या बाजूला बरीच मदत केली आहे. जावा १७ मध्ये, २०२१ साली, सील्ड क्लास आले : वनोपजाचे उपक्लास एवढेच, याबाहेर कोणी नवा काढायचा नाही, असे जाहीर करता येते. २०२३ च्या जावा २१ मध्ये अशा प्रकारांवर स्विच लिहिताना एखादा प्रकार राहिला तर कंपायलर प्रोग्राम पुढे जाऊच देत नाही. नवा उपक्लास यादीत घातला की राहिलेल्या सगळ्या जागा एका फटक्यात दिसतात. मात्र त्या स्विचला ‘बाकी सगळे’ अशी शेवटची ओळ जोडली की हा लाभ गेला. ती ओळ लिहिण्याचा मोह मोठा असतो. वन अधिनियमाच्या कलम ६९ मध्ये असे एक गृहीतक आहे : वनोपज सरकारच्या मालकीचे की नाही असा प्रश्न आला, तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचेच मानायचे. कायद्याने ते जाणूनबुजून लिहिले आहे आणि सिद्ध करण्याचा भार कोणावर हेही सांगितले आहे. प्रोग्राममधले ‘बाकी सगळे’ बहुधा विचार न करता लिहिलेले असते, आणि अनोळखी माल मुकाट्याने शेवटच्या ओळखीच्या खात्यात जमा होतो. ओळख पटली नाही तर थांबून तसे सांगणे हेच तिथे योग्य वर्तन आहे.

तपासणी झाल्यावर मिळालेले ज्ञान टिकवण्याचीही सोय आता झाली आहे. पूर्वीच्या जावात ‘हा बांबू आहे का’ असे विचारून ‘हो’ मिळाल्यावरही त्याला बांबू म्हणून वेगळे कास्ट करावे लागे. जावा १६ पासून प्रश्नातच नवे नाव देता येते आणि पुढे ते नाव बांबूच मानले जाते. कॉटलिनमध्ये हे पहिल्या आवृत्तीपासून आपोआप होते. टाइपस्क्रिप्टमध्येही ‘टाइपऑफ’ची तपासणी झाली की पुढच्या ओळींत प्रकार अरुंद होतो. अट एवढीच की तपासणी आणि वापर यांच्यामध्ये वस्तू बदलता कामा नये. एखाद्या ऑब्जेक्टमधला बदलता येणारा रकाना तपासला तर कॉटलिन हे आपोआप रूपांतर नाकारते, कारण मधल्या क्षणी दुसऱ्या थ्रेडने तिथे दुसरे काही ठेवले असू शकते. अशा वेळी मूल्य आधी स्थानिक व्हेरिएबलमध्ये घ्यावे आणि मग ते तपासावे.

आता जागेचा प्रश्न. बाहेरचा मजकूर जिथे आत येतो तिथे तपासणी कडक असावी, आणि एकदा आत आल्यावर पुन्हा पुन्हा नसावी. जेसनच्या रूपात नाक्यावरून आलेली नोंद ही नुसती अक्षरे आणि आकडे असतात. तिच्यावर कुठल्याही क्लासची निशाणी नसते. म्हणून पाठवणाऱ्याने ‘प्रकार’ नावाचा रकाना भरायचा, घेणाऱ्याने आधी तो वाचायचा, ठरलेल्या यादीत तो आहे का पाहायचे, मग त्या प्रकाराला लागणारे बाकीचे रकाने आहेत का, त्यांचे प्रकार आणि मूल्ये बरोबर आहेत का हे पाहायचे, आणि सगळे जुळले तरच खरा ‘बांबू’ किंवा ‘ओंडका’ हा ऑब्जेक्ट घडवायचा. जी शिडी सगळीकडे नको असते ती इथे, एकाच ठिकाणी, योग्य असते. आतल्या प्रत्येक फंक्शनला मग खात्री असते की हाती आलेला बांबू हा तपासून घेतलेला बांबू आहे. आत खोलवर ‘इझइन्स्टन्स’ दिसू लागले, की काठावरची तपासणी ढिली आहे असे खुशाल समजावे.

घडवण्याच्या या टप्प्यावर आणखी एक निर्णय असतो. चंद्रपूर-गडचिरोलीत बुरड कारागीर बांबूपासून सुपे, टोपल्या, ताटवे विणतात. बांबूची चटई ही बांबू आहे का? सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, महाराष्ट्र शासन पक्षकार असलेल्या एका खटल्यात, याचे उत्तर दिले : मानवी श्रमाने नवी, व्यापारात वेगळी वस्तू म्हणून ओळखली जाणारी चीज तयार झाली की ती वनोपज राहत नाही. प्रोग्राममध्ये ‘चटई’ हा क्लास बांबूचा उपक्लास म्हणून लिहिला, तर ‘वनोपज आहे का’ या प्रश्नाला ती ‘हो’ म्हणेल आणि चटयांच्या गाडीकडे परवाना मागितला जाईल. चटई हा स्वतंत्र क्लास करून तिच्यात ‘कशापासून बनली’ हा रकाना ठेवला तर कच्च्या मालाचा माग राहतो आणि प्रकार चुकत नाही. ‘हे ते आहे’ आणि ‘हे त्यापासून बनले आहे’ ही नाती वेगळी आहेत. रनटाइमची तपासणी पहिल्यालाच ओळखते, म्हणून दुसरे नाते वारशात कोंबले की तिचे उत्तर चुकते.

नापास झालेल्या तपासणीची नोंद कशी करायची, हा भाग बहुतेक ठिकाणी दुर्लक्षित राहतो. नुसते ‘चुकीचा प्रकार’ एवढे लिहून उपयोग नसतो. कोणता रकाना, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात कोणत्या क्लासचे मूल्य आले आणि ते मूल्य कसे दिसत होते, एवढे चारही तपशील त्रुटीच्या संदेशात हवेत. ‘बंडल संख्या : पूर्णांक हवा होता, मजकूर आला, मूल्य बारा नग’ हे वाचून नाक्यावरचा माणूसही चूक दुरुस्त करू शकतो. आणि वर्गीकरण स्वतःच बदलत असल्यामुळे प्रत्येक नोंदीबरोबर ती कोणत्या नियमावलीखाली तपासली गेली याचा आवृत्तिक्रमांक साठवावा लागतो. बांधावरच्या बांबूची २०१६ मधली नोंद आज वाचताना तिला आजचा क्लास लावला तर त्या वेळी परवाना का मागितला गेला हे कळणार नाही. जुन्या आवृत्तीचा वाचक ठेवून ती त्या वेळच्या प्रकारात उभी करावी लागते, आणि मगच नव्या प्रकारात तिचे रूपांतर करता येते.